आधी घागर, मग काढा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, तेव्हा मला रिटायर होऊन वर्ष झालं होतं. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची खूण ४३ फुटांवर. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. नदीचं पाणी उपसायची यंत्रंच बुडाल्यामुळं नळ कोरडे. टँकरचा हॉर्न वाजला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची.

मी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत एकोणतीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली. त्यामुळं घरात शिस्त कडक. प्यायचं पाणी उकळलेलंच, दात घासायलासुद्धा तेच. तरी आठव्या दिवशी नातवाला जुलाब लागले. मग सुनेला, मग मला. सून म्हणाली, "आई, आता काय राहिलं ओ?" मी ओट्यापाशी उभी राहून एकेक गोष्ट आठवत गेले. पाणी, दूध, ताटं, हात. शेवटी आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर आठवली. ती मीच धुतली होती, टँकरच्या बादलीतल्या न उकळलेल्या पाण्यात! दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं, "बाई, इम्युनिटीला काय घेऊ?" की मी उलट विचारते, "तुमच्या घागरीत हात कोण घालतं?"

घागर आणि ओगराळं

नोकरीत असताना घरभेटीला गेले की मी चहा नको म्हणायची नि पाणी मागायची. तहान नसायची, पाणी कसं येतं ते बघायचं असायचं. घरातली बाई गोठ्यातनं लगबगीनं आत यायची, पदराला हात पुसायची, तांब्या उचलून घागरीत बुडवायची. तांब्याच्या काठावरची चार बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात. आणि मग हसून तांब्या माझ्यापुढं. ती माउली प्रेमानंच देत होती, पण आधी तिनं शेण काढलेलं असायचं, नाहीतर पोराचं धुतलेलं असायचं. सकाळी शुद्ध असलेली घागर दुपारी अशी नासते.

यावरचा इलाज म्हणजे लांब दांड्याचं ओगराळं. भांड्यांच्या दुकानात स्टीलचं सहज मिळतं. ते ओट्यावर आडवं ठेवायचं नाही नि घागरीच्या झाकणावर पालथंही घालायचं नाही, खिळ्याला टांगायचं. रोज संध्याकाळच्या भांड्यांत ते घासायला टाकायचं. ज्यांना जमेल त्यांनी तोटीचं पिंप घ्यावं, म्हणजे ओगराळ्याचीही गरज उरत नाही. फक्त तोटीच्या आतली बाजू आठवड्यातनं एकदा ब्रशनं घासा, तिथं घाण धरते.

दुसरी खोड म्हणजे शिळ्या पाण्यावर ताजं पाणी ओतायचं. घागर रोज रिकामी झाली पाहिजे. रिकामी घागर तिरकी करून आतनं तळाला बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, तर त्यात कितीही शुद्ध पाणी भरा, उपयोग नाही. स्टीलची घागर साबणानं घासा. मातीच्या माठाला साबण नको, माती साबण पिते नि मग चार दिवस पाण्याला वास येतो. गरम पाणी नि काथ्या पुरे.

तांब्याच्या घागरीबद्दल लोक फार विचारतात. तांब्यात रात्रभर पाणी राहिलं तर जंतू कमी होतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण ते आधीच स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला नि आतनं घासलेल्या घागरीला लागू. पुराचं गढूळ पाणी तांब्यात ओतून ते गंगाजल होत नाही. आणि ताक, लिंबू-सरबत, चिंचेचं सार असलं आंबट काही कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नका. मळमळून उलट्या होतात.

गढूळ पाणी आलं तर

जुलैत नळाला चहासारखं पाणी येतं, कोल्हापूरकरांना सांगायला नको. आधी बादलीत निवळू द्या. तुरटी फिरवायची तर दोनचार वेढे पुरेत. पण लक्षात ठेवा, तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. वरचं निवळ पाणी हलक्या हातानं जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्यांतनं गाळा. जुनंच का? धुऊन धुऊन सूत फुगतं नि वीण दाट होते. बांगलादेशातल्या गावांत असं जुन्या साडीतनं पाणी गाळायला लावलं, तर पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. तिथल्या बायांनी साडीच वापरली बघा, कुठलं मशीन नाही.

गाळलं की उकळा. खळखळ उकळी फुटल्यापासून एक मिनिट पुरतं. पण मी मात्र कायम पाच मिनिटं सांगत आले, कारण भांड्याच्या काठाला बुडबुडे दिसले की लोक त्यालाच उकळी म्हणतात नि गॅस बंद करतात. उकळलेलं पाणी त्याच पातेल्यात झाकून निवू द्या. गार करायला दुसऱ्या भांड्यात ओतलंत नि ते भांडं नळाखाली विसळलेलं असलं, तर गॅस फुकट गेला. चोवीस तासांत संपवा.

आणि पुराच्या, साथीच्या दिवसांत कोथिंबीर, काकडी, कांदा, जे कच्चं खाणार ते शेवटच्या पाण्यात धुताना उकळलेलंच पाणी घ्या. हे मी पैसे मोजून शिकलेलं आहे.

आमच्याकडं मशीनही आहे, आरओचं. मुलानं बसवलं. पुरात लाईट गेली नि ते भिंतीवर शोभेला राहिलं, कामाला आला तो गॅस. धरणाचं पाणी तसं मऊ असतं, त्याला आरओ लावून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडण्यात मला काही राम वाटत नाही. बोअरचं जड, खारं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. घेतलंच असेल तर फिल्टर वेळेवर बदला, वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला फिल्टर नसल्यासारखाच.

टाकीच्या पाण्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात तीच पांढरी पावडर. ताज्या, चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तशी पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे अंदाजे एक चहाचा चमचा. थेट टाकीत भिरकावू नका. प्लास्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवा, बाकी मग भरा, दहा मिनिटं ठेवा. तळाला चुना बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, चुना टाकून द्या. अर्धा तास थांबा नि मग वापरा. पाण्याला किंचित वास यायला हवा. उघड्या पोत्यातली, दमट झालेली पावडर मेलेली असते, तिला वासच नसतो, ती टाकून समाधान तेवढं मिळतं. आणि ही पावडर संडासच्या ॲसिडजवळ कधी नेऊ नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो.

एका गावात एक आजी टीसीएलच्या पाण्याला हात लावायच्या नाहीत. "मी जन्मभर हिरीचं पाणी प्यालोय, मला काय झालंय?" मी विचारलं, आजी, पोरं किती झाली? "नऊ." राहिली किती? "पाच." पुढं दोघी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं येऊन माझ्याकडनं क्लोरीनची बाटली नेली.

आठवड्यातनं एक दिवस सगळी भांडी, पिंपं, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालच्या थाळ्या कोरड्या करायच्या. डेंग्यूचा डास अंड्यातनं उडायला आठ-दहा दिवस घेतो, त्याच्या आत पाणी ओतलं की त्याचा संसार मोडला.

काविळीबद्दल दोन शब्द

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यातनं पसरणाऱ्या काविळी दोन, ए आणि ई. दोन्ही सांडपाणी प्यायच्या पाण्यात मिसळलं की येतात.

आपल्याकडं कावीळ "उतरवायला" नेतात. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस, मग चुन्याचं पाणी. हात धुतले की पाणी पिवळंजर्द, बघणारा थक्क. अहो, साल नि चुना एकत्र आले की पिवळं होणारच! एकदा मी माझ्या निरोगी हातांवर करून बघितलं, तेवढंच पिवळं झालं. बहुतेकांची अशी कावीळ विश्रांतीनं आपोआप बरी होते, म्हणून उतरवणाऱ्याचं नाव होतं. पण गरोदर बाईला ई कावीळ झाली तर जिवावर बेतते. तिला माळ बांधून घरी ठेवू नका. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी दवाखाना.

ताटातलं

खाण्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण कोल्हापूरच्या माणसाला खायला शिकवणं धाडसाचं काम आहे. तांबडा-पांढरा खा, मिसळीचा कटही ओता, पण तो रोजचा नको. मिठाचं मात्र बघा. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा मीठ पुरे. आणि आपल्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ, खरड्यात मीठ, पापडात मीठ, वर ताटात डावीकडं चिमूट असतेच. ती चिमूट आधी बंद करा.

आता आंबील. गगनबावडा-राधानगरीकडची नाचणी लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात मिळते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. दूध न पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणीला, अंगावर पाजणाऱ्या बाईला म्हणूनच मी आंबील सांगते.

रात्री दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून त्यात दोन चमचे ताक घाला नि झाकून ठेवा. सकाळी वर बारीक बुडबुडे नि आंबूस वास आला की झालं. तीन वाट्या पाणी उकळायला ठेवा, त्यात मीठ नि ठेचलेला लसूण, जिरं. उकळी आली की गॅस बारीक करून आंबवण एका हातानं धारेनं सोडा नि दुसऱ्या हातानं ढवळत राहा. इथं फोन वाजला तर वाजू द्या, हात थांबला की गुठळ्या. पाच-सात मिनिटांत रंग फिकट मातकटाचा गडद तपकिरी होतो, वर चकाकी येते, पळीवरनं घसरताना ती पळीला पातळ साय धरते. तेव्हा उतरवा. पूर्ण निवल्यावर ताक घाला. गरमात घातलंत तर फाटतं. सोबत कांदा. उन्हातनं आलेल्या माणसाला यासारखं काही नाही.

पालेभाजीत शेवग्याचा पाला. बाजारात विकत घ्यायचीही गरज नाही, परसात नाहीतर बांधावर झाड असतंच. कोवळा पाला देठावरनं ओरबाडून घ्या, तीन पाण्यांत धुवा. लसणाची खमंग फोडणी, भिजलेली मूगडाळ, पाला, शेवटी शेंगदाण्याचा कूट. ताटात घेतल्यावर वरनं लिंबू पिळा. लिंबू चवीपेक्षा लोहासाठी, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की उलटं होतं, चहा लोह अडवतो. तास-दीड तास थांबा. गरोदर बायांना मात्र एक सांगते, पाला कितीही खाल्ला तरी लोहाची गोळी १८० दिवस घ्यायचीच. शौचाला काळी होते म्हणून गोळ्या गादीखाली लपवणाऱ्या किती सुना मी पकडल्यात! काळी होणं साहजिक आहे, त्यात घाबरायचं काही नाही.

गुळाबद्दल बोलले की गावात माझ्यावर राग धरतात. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान आहे, गुऱ्हाळावरची काकवी मीही बोटानं चाटते. पण गूळ ही साखरच. "डायबेटिस आहे म्हणून चहात गूळ घालतो" असं म्हणणारे दिवसाला चार कप पितात नि तपासणीत आकडा वाढला की मशीनला दोष देतात.

दुसरा राग दुधावरनं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पिण्याची आपली जुनी ऐट. पैलवान पितात, त्यांचं बघून लहान पोरं पितात. कच्च्या दुधातनं क्षयाचे जंतू येऊ शकतात, ब्रुसेलोसिसचा ताप येऊ शकतो, जो महिनोन्महिने सांधे धरतो. दूध तिथंच घ्या, ताजं, फेसाळ, पण घरी नेऊन उकळा. पैलवानांनी मला माफ करावं.

परसातलं

माझ्या दारात चार कुंड्या आहेत: तुळस, गवती चहा, ओव्याची पानं, अडुळसा. सर्दी झाली की तुळस, आलं, गवती चहाची पात. घसा शेकतो, बरं वाटतं. सर्दी तिच्या वेळेनंच जाते, हेही खरं. अडुळशाची पानं भाजून रस नि मध हा खोकल्याचा जुना उपाय, पण गरोदर बाईनं अडुळसा घेऊ नये, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोटभरसुद्धा. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच. वरचं पाणी नको, घुटी नको, आजीचा हट्टही नको.

गुळवेलीचं कोरोनात वेड आलं होतं. रोज ग्लास-ग्लास काढा. त्यात काहीजणांच्या यकृताला सूज आल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली. शिवाय गुळवेल समजून भलतीच वेल तोडून आणणारेही मी पाहिलेत. ज्याला आधीच यकृताचं, साखरेचं औषध चालू आहे त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

वाफ घ्यायची तर मोठ्यांनी घ्या. मांडीवर पोर नि पुढं कढत पाण्याचं पातेलं, असं करू नका. पोर लाथ मारतं. त्या भाजण्या मला अजून दिसतात.

खोकल्याच्या पोराला काढा देत बसण्यापेक्षा त्याचा शर्ट वर करून श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. एवढे भरले किंवा बरगड्यांखाली पोट आत ओढलं जायला लागलं, तर कुंडीकडं जाऊ नका, दवाखान्यात जा.

जुलाब लागलेच तर

ओआरएसची पुडी घरात कायम असावी, मी ती चहा-साखरेच्या फळीवरच ठेवते म्हणजे रात्री शोधावी लागत नाही. एक लिटरची पुडी असेल तर सगळी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धी आत्ता, अर्धी उद्या असं करू नका. पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर नि अर्धा सपाट चमचा मीठ. चव बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या नि नवं करा. मीठ जास्त झालेलं पोराला घातक.

दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या पोराला अर्धा कप, मोठ्या पोराला एक कप. वाटी-चमच्यानं, घोट-घोट. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध, पेज, आंबील, मऊ भात चालू ठेवा, "पोट रिकामं राहू दे" म्हणणाऱ्या शेजारणीचं ऐकू नका. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडं मिळतात. सहा महिन्यांच्या वरच्या पोराला रोज २० मिलिग्रॅमची एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस.

शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसायला लागली, पोर मलूल पडलं नि चमचाही तोंडात घेईना, तर वाटी खाली ठेवा नि १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत पोराला अंगाशी धरा, आणि गिळत असेल तर थेंब-थेंब देत राहा.